सायकल कोणाची?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाची संहिता)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी शाळेच्या इमारतीचा, निकालांचा आणि नामवंत विद्यार्थ्यांचा गौरवाने उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. शाळेच्या फाटकातून रोज सकाळी आत येणाऱ्या सायकलींचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. महाराष्ट्राबाहेर नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत सायकल ही पुष्कळदा घरातील पहिली मोठी खरेदी असे. बदली झाली की ती रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून, दांडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, नव्या गावी येई. वडिलांनी कचेरीत नेलेली सायकल पुढे थोरल्या मुलाकडे, मग दांडी असूनही धाकट्या मुलीकडे जाई. चेनकव्हरवर पेंटरकडून आडनाव रंगवून घेतलेले असे. ते परप्रांतातील रंगाऱ्याने ज्या ऱ्हस्वदीर्घाने लिहिले असेल त्याच ऱ्हस्वदीर्घाने कुटुंब ओळखले जाई. श्रोत्यांपैकी अनेकांना अशी एखादी सायकल या क्षणी आठवत असेल. ती चोरीस गेल्याचा दिवसही काहींना आठवत असेल.

शालेय मुलाची सायकल चोरीस जाणे ही पोलिसांच्या दप्तरी फार लहान घटना असते. मुलाच्या दृष्टीने ती लहान नसते, मुलीच्या दृष्टीने तर मुळीच नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत गेलेल्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक वर्गांत नाव असणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले, आणि माध्यमिक शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांतच हा परिणाम प्रामुख्याने दिसला. सायकल आल्याने जी मुलगी शाळेत पोहोचते, ती सायकल नाहीशी झाल्यावर कोठे राहते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. पहिले चार दिवस भाऊ सोडतो, पुढचे चार दिवस रिक्षा होते, आणि मग गैरहजेरीची कारणे बदलू लागतात.

म्हणून आजचा विषय असा आहे: सायकलीला ओळख कशी द्यावी, आणि ती गेली तर समाजाने मिळून ती परत कशी आणावी.

या विषयावरील जगातील सर्वांत परिचित कलाकृती म्हणजे व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ज’ हा चित्रपट. युद्धोत्तर रोममधील आंतोनिओ याला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी मिळते, अट एकच, स्वतःची सायकल हवी. पत्नी घरातल्या चादरी गहाण ठेवून सायकल सोडवून आणते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. चित्रपटाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्याच्या मध्यभागी असलेला एक प्रसंग आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पोलीस अधिकारी तक्रार लिहून घेतो आणि सायकल स्वतःच शोधायला सुचवतो. मग आंतोनिओचा सफाई कामगार मित्र बायोक्को आपल्या सोबत्यांना घेऊन पहाटे बाजारात येतो आणि काम वाटून देतो. एकाने फक्त सांगाडे पाहायचे, एकाने टायर, आंतोनिओच्या लहान मुलाने पंप आणि घंट्या. चोरीची सायकल बाजारात अखंड दिसत नाही, तुकड्यातुकड्यांनी दिसते, हे या कष्टकऱ्यांना पोलिसांहून चांगले ठाऊक आहे. एका ठिकाणी एक माणूस सांगाडा रंगवताना दिसतो. आंतोनिओ क्रमांक दाखवण्याचा आग्रह धरतो, तो नकार देतो, शिपायाला बोलावले जाते, क्रमांक पाहिला जातो, आणि तो जुळत नाही. तो माणूस निर्दोष ठरतो.

क्रमांकाची दोन्ही कामे या एका दृश्यात आली आहेत. जुळला तर तो मालकाला त्याची वस्तू परत देतो. जुळला नाही तर ज्याच्यावर संशय आला त्याची सुटका करतो. सायकलींच्या नोंदणीची चर्चा करताना पहिल्या कामावर भर दिला जातो आणि दुसरे विसरले जाते. त्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

जुन्या मंडळींना येथे बिल्ला आठवेल. पुण्यासह अनेक शहरांत नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर घेत आणि पावतीबरोबर क्रमांकाचा धातूचा बिल्ला देत. तो सायकलीला अडकवला नसेल तर चौकात अडवले जाई. बिल्ल्याची आठवण आज लाडाने काढली जाते, पण तो होता कराचा पुरावा. सायकल कोणाची, हे तो सांगत नसे. या वर्षीचे पैसे भरले आहेत, एवढेच सांगे. हॉलंडमध्येही १९२४ साली सायकलकर आला आणि दरवर्षी तांब्याचा बिल्ला लावणे सक्तीचे झाले. ज्यांना कर परवडत नसे त्यांना तो फुकट मिळे, मात्र त्याला मुद्दाम भोक पाडलेले असे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावे की हा गृहस्थ गरीब आहे. सरकारी कल्पकतेचा हा नमुना फारसा कौतुकास्पद नाही. पुढे बिल्लेच चोरीस जाऊ लागले, म्हणून लोक ते कोटाला लावून फिरू लागले. १९४१ साली जर्मन अंमलात हा कर रद्द झाला, आणि त्याच जर्मन सैन्याने नंतर डच लोकांच्या सायकली मोठ्या संख्येने जप्त केल्या. युद्ध संपून कित्येक दशके लोटल्यावरही फुटबॉलच्या सामन्यात डच प्रेक्षक जर्मनांकडे आजीची सायकल परत मागत. सायकल विसरली जात नाही, हेच खरे.

ओळखीच्या दृष्टीने खरे पाऊल डेन्मार्कने टाकले. १९४२ पासून त्या देशात सांगाड्यावर क्रमांक कोरल्याशिवाय सायकल विकणे बेकायदेशीर आहे. त्या क्रमांकात निर्मात्याची अक्षरे, अनुक्रमांक आणि वर्षाचे अक्षर अशी रचना असते. चोरी झाली तर हा क्रमांक दिल्याशिवाय विमा कंपनी भरपाई देत नाही, त्यामुळे तो प्रत्येक घरात कोठेतरी लिहून ठेवलेला असतो. नागरिकांच्या शिस्तीचे कौतुक करताना, त्या शिस्तीमागे विम्याच्या पैशांची दोरी आहे, हेही लक्षात घ्यावे. जर्मनीतील सायकलस्वारांची संघटना आणखी एक पद्धत वापरते. मालकाच्या शहराचा, रस्त्याचा व घराचा संकेतांक आणि नावाची आद्याक्षरे सांगाड्यावर कोरली जातात. कोठल्याही पोलिसाला वही न उघडता घर सापडते. पद्धत सुंदर आहे, पण ज्या कुटुंबांची दर तीन वर्षांनी बदली होते त्यांच्या सायकलीवर अशाने पत्त्यांची यादीच तयार होईल.

जपानची व्यवस्था अधिक तपशिलाने पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात शाळेसारख्या लहान समूहाने उचलावे असे पुष्कळ आहे. १९७० च्या दशकात जपानी रेल्वे स्थानकांभोवती सोडून दिलेल्या सायकलींचे ढीग साचू लागले. कोणती सायकल टाकून दिलेली, कोणती चोरून आणून येथे सोडलेली आणि कोणती संध्याकाळी परतणाऱ्या मालकाची वाट पाहणारी, हे कळेना. त्यातून १९८० साली सायकलींचा सुरक्षित वापर आणि त्या उभ्या करण्याची व्यवस्था यांविषयी कायदा झाला आणि १९९३ च्या दुरुस्तीने चोरीप्रतिबंधक नोंदणी बंधनकारक झाली. नोंदणी न केल्यास शिक्षा मात्र नाही. तरी ती होते, कारण ती सायकल विकणाऱ्या दुकानातच, विक्रीच्या वेळी होते. ग्राहक नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहून देतो, काहीशे येन शुल्क भरतो, दुकानदार सांगाड्यावर क्रमांकाची चिकटपट्टी लावतो, सांगाड्याचा कोरीव क्रमांक त्याच कागदावर नोंदवतो आणि एक प्रत मालकाच्या हाती देतो. ती माहिती पुढे पोलिसांच्या नोंदीत जाते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या पोलीस चौकीतला शिपाई रात्री सायकलस्वाराला थांबवतो, क्रमांक कळवतो, आणि काही क्षणांत उत्तर येते.

या व्यवस्थेतील शहाणपण दोन ठिकाणी आहे. पहिले म्हणजे नोंदणीसाठी कोणाला वेगळी खेप घालावी लागत नाही. वस्तू आणि नोंद एकाच वेळी हाती पडतात. दुसरे म्हणजे हस्तांतराचा नियम. सायकल मित्राला दिली, विकली किंवा दुसऱ्या प्रांतात नेली तर जुनी नोंद रद्द करून नवी करावी लागते. जपानमध्ये शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना हे माहीत नसते. मायदेशी परतणारा मित्र प्रेमाने सायकल देऊन जातो, आणि काही दिवसांनी रात्री चौकीत बसून, ही सायकल आपण चोरलेली नाही, हे मोडक्या जपानीत पटवून द्यावे लागते. नोंद जुनी राहिली तर ती प्रामाणिक माणसालाच अडकवते. शाळेत थोरल्या भावाची सायकल धाकट्याकडे किंवा दहावी झालेल्या ताईची शेजारच्या मुलीकडे सतत जात असते, तेव्हा वहीत पहिली नोंद करण्याइतकेच पुढच्या नोंदीला महत्त्व आहे. आणि या सर्व व्यवस्थेनंतरही जपानमध्ये चोरीस जाणाऱ्या सायकलींपैकी निम्म्याहून अधिक कुलूप न लावलेल्या असतात, हे पालकांनी घरी जाऊन अवश्य सांगावे.

जेथे सरकारने असा कायदा केला नाही, तेथे लोकांनी पुढाकार घेतला. अमेरिकेत २००४ साली चोरीस गेलेल्या सायकलींची एक नोंदवही सुरू झाली. ती सुरू करणाऱ्याची स्वतःची सायकल चोरीस गेली होती. २०१३ साली ‘बाइक इंडेक्स’ ही ना-नफा संस्था उभी राहिली, पुढच्याच वर्षी दोन्ही नोंदी एकत्र झाल्या, आणि आज तेथे दहा लाखांहून अधिक सायकलींची नोंद आहे. ‘प्रोजेक्ट ५२९’ हा उपक्रम सुरू करणारे जे. अलार्ड हे संगणक क्षेत्रातील मोठे नाव; त्यांचीही सायकल चोरीस गेल्यावरच त्यांचे लक्ष या प्रश्नाकडे गेले. कॅनडातील व्हँकूव्हर शहराच्या पोलिसांनी २०१५ साली या उपक्रमाशी हातमिळवणी केली आणि दुकानदार, सायकलस्वारांच्या संस्था व नागरिक यांना बरोबर घेऊन नोंदणीचे मेळावे भरवले. पुढील काही वर्षांत तेथील चोऱ्यांच्या तक्रारी लक्षणीय घटल्या.

अशा उपक्रमांमागची गोष्ट साधी आहे. पोलीस ठाण्यात सापडलेल्या सायकलींचा ढीग असतो आणि शहरात सायकल हरवलेल्यांचा समूह असतो. दोघांना जोडणारा दुवा नसतो. तक्रारदाराला विचारले तर तो सांगतो, काळ्या रंगाची होती, मागे कॅरिअर होते. शहरातील अर्ध्या सायकली काळ्या असतात आणि त्यांना मागे कॅरिअर असते. सांगाड्याचा क्रमांक ज्याला सांगता येतो असा तक्रारदार विरळा. नोंदणीच्या चळवळीचे मुख्य काम चोर पकडणे हे नसून मालकाला त्याच्या स्वतःच्या सायकलीची ओळख करून देणे हे आहे.

या चळवळीची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. फ्लोरिडातील टॅम्पा शहराच्या पोलिसांनी सायकलस्वारांना थांबवून तपासण्याची आणि दंड करण्याची मोहीम चालवली. २०१५ साली ‘टॅम्पा बे टाइम्स’ या वृत्तपत्राने नोंदी तपासल्या, तेव्हा दंड झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय असल्याचे आढळले. शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या न्याय विभागाच्या अहवालाने ही विषमता मान्य केली आणि या मोहिमेचा सायकलचोरी रोखण्यासही उपयोग झाला नसल्याचे नोंदवले. संशय कोणावर घ्यायचा हे आधी ठरलेले असेल, तर नोंदवही हे केवळ निमित्त ठरते.

भारतातील शाळेला हा धोका परका नाही. वर्गातील एखाद्या मुलाकडे जुन्या बाजारातून घेतलेली, पुन्हा रंगवलेली सायकल असते. त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाची नवी सायकल चोरीस जाते. नजरा कोणाकडे वळतात, हे शिक्षकांना सांगावे लागत नाही. अशा वेळी वहीत त्या जुन्या सायकलीची नोंद तारखेसह असेल, तर त्या मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही. ज्यांच्या सायकली महाग आहेत त्यांच्यापेक्षा ज्यांच्या सायकली जुन्या आणि पावतीविना घेतलेल्या आहेत, त्यांच्या नोंदी आधी व्हाव्यात, असा आग्रह म्हणूनच धरला पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. मोटारसायकलीला परिवहन कार्यालयाचा क्रमांक मिळतो, कारण ती मोटार वाहन कायद्याच्या कक्षेत येते. पायांनी चालवायची सायकल त्या कक्षेत नाही. २५० वॅटहून कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी विजेची सायकलही नोंदणीतून वगळलेली आहे. म्हणजे घरातली तीस-चाळीस हजारांची वस्तू रस्त्यावर उभी असते आणि तिच्या मालकीचा सरकारदप्तरी एक कागदही नसतो. खरेदीची पावती हाच काय तो पुरावा, आणि ती सहसा पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत नाहीशी होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या व शिक्षा आहे. तेथे एक नवी तरतूद आली आहे. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. शिक्षणाच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या कोणालाही ही तरतूद माणुसकीची वाटेल. परंतु तिच्याबरोबर आलेला दुसरा बदल पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. ५,००० रुपयांहून कमी किमतीची अशी चोरी आता अदखलपात्र गुन्ह्यांत मोडते. पोलीस तक्रारीची नोंद करतात, परंतु दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. दोन-तीन वर्षे वापरलेल्या साध्या सायकलीची किंमत सहज या मर्यादेखाली येते. राहत्या घरातून किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतून झालेल्या चोरीला कलम ३०५ हे वेगळे कलम आहे; जिन्याखालून किंवा व्हरांड्यातून सायकल गेली असेल तर नेमकी कोठून गेली, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे. एकूण पाहता, विद्यार्थ्याची सायकल शोधून काढण्याचा भार पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात कुटुंबावर, शाळेवर आणि मोहल्ल्यावर येऊन पडला आहे. बायोक्कोचे सफाई कामगार पुन्हा एकदा लागणार आहेत.

असे साथीदार प्रत्येक शहरात असतात. पंक्चर काढणारा, सायकल दुरुस्तीचा मिस्त्री, जुन्या सायकलींचा व्यापारी, भंगारवाला, स्टँडवरचा राखणदार. मिस्त्रीची नजर विलक्षण असते. कोणत्या चाकाचे किती आरे आपण बदलले, कोणत्या सांगाड्याला कोठे डाग दिला, हे त्याला वर्षांनंतरही आठवते. जुन्या काळी तासाच्या भाड्याने सायकली देणारा दुकानदार तर नोंदणीचा आचार्यच होता. प्रत्येक मडगार्डवर रंगवलेला क्रमांक, वहीत नाव, मोहल्ला, नेल्याची वेळ, आणि अनोळखी मुलगा असेल तर ओळखीच्या माणसाची हमी. त्या वहीच्या जोरावर त्याच्या वीस-पंचवीस सायकली रोज संध्याकाळी परत येत. शाळेच्या वहीला यापेक्षा वेगळी रचना शोधण्याची गरज नाही.

वहीत काय असावे, तेही थोडक्यात सांगण्याजोगे आहे. मुलाचे नाव व तुकडी, सायकलीची कंपनी व उंची, आणि सांगाड्याचा क्रमांक. तो बहुतेक सायकलींना सीटखालच्या नळीवर किंवा सायकल उलटी केल्यावर पायडलच्या आसाखाली कोरलेला आढळतो. चिखल आणि रंगाखाली तो दबलेला असेल तर जागा पुसून त्यावर पातळ कागद धरावा आणि पेन्सिल आडवी घासावी. लहानपणी नाण्याचा ठसा काढत तसा आकडा उमटतो. हा कागदच वहीत चिकटवावा, म्हणजे आठाचा तीन वाचला जाण्याचा प्रश्न राहत नाही. ज्या जुन्या सायकलींना क्रमांकच नाही त्यांच्यावर मिस्त्रीकडून आद्याक्षरे पंच करून घ्यावीत. सीट काढून नळीत नाव लिहिलेली चिठ्ठी गुंडाळून टाकण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते, कारण चोर रंग बदलतो, हँडल बदलतो, पण नळीत डोकावत नाही. पत्ता मात्र सायकलीवर बाहेरून लिहू नये. मुलीच्या सायकलीवर तर नावही नको. सायकलीशेजारी मुलाला उभे करून काढलेले एक छायाचित्र आणि पावतीची प्रत एवढे असले की पुरे. ही वही सर्वांसाठी उघडी नसावी. कार्यालयाच्या कपाटात असावी आणि विचारणा झाली तरच उघडावी.

जुनी सायकल विकत घेणाऱ्या पालकांनीही क्रमांक पाहून, विकणाऱ्याची सही घेऊन व्यवहार करावा. चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. आणि माल चोरीचा आहे असे मानण्यास पुरेसे कारण असताना तो घेतला, तर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. फार स्वस्तात मिळणारी चांगली सायकल हे असे कारण ठरू शकते.

चोर सापडतो तेव्हा तो पुष्कळदा कोणाचा तरी विद्यार्थी असतो, हे शाळांना चांगले ठाऊक आहे. बाल न्याय कायद्याखालील केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार, अतिगंभीर गुन्हा किंवा प्रौढांसमवेत केलेला गुन्हा वगळता, अठरा वर्षांखालील मुलाविरुद्ध गुन्हा दाखल केला जात नाही. डायरीत नोंद होते आणि त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो. मोहल्ल्यातील मंडळींनी अशा मुलाला सायकलीसह पकडले तर त्याला खांबाला बांधण्याचा किंवा त्याचे चित्रण करून गावभर पाठवण्याचा मोह आवरला पाहिजे. दे सिकांच्या चित्रपटात शेवटी आंतोनिओ स्वतःच हताश होऊन दुसऱ्याची सायकल उचलतो आणि पकडला जातो. त्या सायकलीचा मालक रडणाऱ्या मुलाकडे पाहतो आणि बापाला सोडून देतो. त्या मालकाला पडद्यावर जेमतेम काही क्षण मिळाले आहेत.

राहिला प्रश्न सापडलेल्या सायकलीचा. ती खटल्यातील मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते आणि पावसात गंजते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात स्पष्ट केले की जप्त वस्तू ठाण्यांत दीर्घकाळ पडून राहू नयेत. योग्य पंचनामा व छायाचित्रे करून आणि बंधपत्र घेऊन त्या हक्कदाराच्या ताब्यात द्याव्यात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्येही मुद्देमालाची छायाचित्रे व वर्णन ठराविक मुदतीत करून पुढील आदेश देण्याची तरतूद आहे. म्हणजे मालकाने दंडाधिकाऱ्यांकडे सायकलीच्या ताब्यासाठी अर्ज करावा. त्यासोबत पावती, छायाचित्र आणि शाळेच्या वहीतील नोंदीची मुख्याध्यापकांच्या सहीची प्रत जोडावी. ताबा मिळाल्यावर खटला संपेपर्यंत ती सायकल विकू नये, तिला दुसरा रंग देऊ नये, आणि बोलावणे आले तर ती न्यायालयात हजर करावी. विद्यार्थ्याला तोवर ती शाळेत आणता येते. वहीत त्या नोंदीसमोर ‘परत मिळाली’ असे तारखेसह लिहून ठेवावे, आणि तो विद्यार्थी शाळा सोडून जाताना सायकल कोणाला दिली, हे दाखल्यावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.